चार्जिंगच्या सवयी : कुठून आल्या, कशा टिकल्या? (अनुभव धागा)

माळरान :
गेल्या आठवड्यात वडिलांसाठी नवा फोन घ्यायला गेलो होतो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे, स्क्रीन किती मोठी आहे, हे सगळे दुकानातला मुलगा उत्साहाने सांगत असताना वडिलांनी एकच प्रश्न विचारला, ‘पहिल्यांदा किती तास चार्जिंगला लावायचा, आठ की बारा?’ मुलगा जेमतेम विशीचा होता; त्याला प्रश्नच कळला नाही. मला मात्र आमच्या गावची पिठाची गिरणी आठवली.

२००५ नंतरच्या काही वर्षांत आमच्या करमाळा तालुक्यात लाईट कधी दिवसा असे, तर कधी रात्री. थ्री फेज आली की गिरणी सुरू होई आणि दळणाच्या डब्यांबरोबर लोक आपापले फोनही आणून ठेवत. गिरणीवाल्या काकांनी भिंतीला एक फळी ठोकून तिच्यावर बोर्ड बसवला होता. प्रत्येक फोनला रबर बँडने नावाची चिठ्ठी अडकवलेली असे, आणि पिठाचा थर इतका बसे की घरी आणल्यावर बटणांच्या फटी जुन्या दातब्रशने साफ कराव्या लागत. एका फोनचे दोन रुपये पडत असल्यामुळे बॅटरी पुरती उतरल्याशिवाय फोन गिरणीत न्यायचा नाही, असा वडिलांचा दंडक होता. आता घरात लाईट क्वचितच जाते, पैशांचाही प्रश्न नाही. तरी फोन स्वतःहून बंद पडेपर्यंत ते चार्जरला हात लावत नाहीत.

आपल्या या सवयी बॅटरीपेक्षा लाईटच्या वेळापत्रकानेच जास्त घडवल्या, असे माझे मत झाले आहे. तुमच्या घरी काय चालते, ते लिहावे.

रसायनी :
वडिलांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, त्यामागे शास्त्र होते. नोकिया ३३१० बरोबर मूळची जी बॅटरी येई, ती निकेल-मेटल हायड्राइडची होती. निकेलच्या बॅटऱ्यांना पहिल्यांदा दीर्घकाळ चार्ज करावे लागे. त्यांच्या आधीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या तर अर्धवट उतरवून पुन्हा पुन्हा भरल्या की तेवढ्याच क्षमतेपुरत्या उरल्यासारख्या वागत, म्हणून अधूनमधून त्या पूर्ण उतरवण्याचा सल्ला दिला जाई. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि पुढे सगळे फोन तिच्यावर आले. (गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना तिच्यासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.) या बॅटरीला आधीचा दोष नाही. उलट ती दर वेळी शून्यावर नेणे तिला मानवत नाही आणि शंभर टक्क्यांवर तासन्‌तास ठेवणेही मानवत नाही, कारण पूर्ण भरलेल्या स्थितीत तिचे व्होल्टेज सर्वांत जास्त असते आणि आतल्या नको असलेल्या रासायनिक क्रिया वेग घेतात. त्यात उष्णतेची भर पडली की बॅटरी अकाली म्हातारी होते. थोडक्यात, बॅटरी बदलली, सल्ला मात्र तोच राहिला.

धाकटी सून :
आमच्या घरी प्रश्न बॅटरीचा नसून वीजबिलाचा आहे. फोन काढून घेतल्यावर चार्जर बोर्डात तसाच राहिला आणि बटण चालू दिसले की सासूबाई काही बोलत नाहीत. फक्त येऊन ते बटण जरा जोरात बंद करतात. शेवटी मी अभियंता असलेल्या दिरांकडून हिशेब मांडून घेतला. पाच हजार एमएएच क्षमतेची बॅटरी म्हणजे साधारण एकोणीस वॅट-तास. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरली, तर एका पूर्ण चार्जिंगला पंचवीस वॅट-तास लागतात. वर्षभर रोज फोन भरला, तरी नऊ-दहा युनिटच्या वर जात नाही. रिकामा चालू राहिलेला चांगल्या प्रतीचा चार्जर तर वर्षाला एखादे युनिट खातो. हे सगळे शांतपणे ऐकून घेऊन सासूबाई म्हणाल्या, ‘मग ते एक युनिट तरी कशाला?’

दुपारचा चहा :
सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार कळवा. आमच्याकडे याच्या उलट प्रकार आहे. सासरे बटण चालू करायलाच विसरतात आणि सकाळी ‘हा फोन खराब झाला’ म्हणून जाहीर करतात.

सर्किट :
माझे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा अधिकार आहे असे समजतो. ‘चार्जिंग होत नाही’ म्हणून येणाऱ्या फोनांपैकी बऱ्याच फोनांना काहीही झालेले नसते. पँटच्या खिशातला कापसासारखा मळ चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसतो, आणि दर वेळी पिन खुपसली की आणखी घट्ट होतो. भिंगाखाली पाहिले तर राखाडी नमद्याची वडी दिसते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने ती हळूच उकरली की पिन पूर्वीसारखी टक आवाज करून बसते. गिऱ्हाईक इतके अविश्वासाने पाहते, की पैसे मागायलाही संकोच वाटतो. टाचणीला किंवा सुईला मात्र हात लावू नका, आतले संपर्क वाकतात.

रात्रभर फोन चार्जिंगला लावल्याने बॅटरी ‘ओव्हरचार्ज’ होते, ही भीती आता बाळगायचे कारण नाही. फोनमधले सर्किटच प्रवाह थांबवते. नुकसान होते ते उशीखाली ठेवलेल्या फोनचे, कारण त्याची उष्णता बाहेर पडत नाही. बऱ्याच नव्या फोनांत ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. ज्यांचा दिवस तेवढ्यात भागतो, त्यांनी ती जरूर वापरावी. ज्यांचा भागत नाही, त्यांनी मात्र टक्केवारीकडे पाहत जीव जाळू नये. शेवटी फोन आपल्यासाठी आहे, आपण फोनसाठी नाही.

खाडीकाठ :
निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी आले, तेव्हा मी श्रीवर्धनजवळ गावी होतो. विजेचे खांब आडवे झाले, माडांबरोबर तारा गेल्या, आणि लाईट पुन्हा यायला कित्येक आठवडे लागले. पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांचे फोन उतरले. तसे चालू असून उपयोगही नव्हता, कारण टॉवरही बंद होते. नंतर कोणाच्या गाडीत, कोणाच्या होडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर आळीपाळीने फोन लागू लागले. प्रत्येकाने पाच-दहा टक्के घ्यायचे आणि पुढच्याला द्यायचे, असे न ठरवताच ठरले. मग कोणीतरी एक जण चार्ज झालेला फोन आणि सगळ्यांच्या मुंबईतल्या नातेवाइकांच्या नंबरांचा कागद घेऊन रेंज मिळेल त्या उंचवट्यावर जाई आणि एकेकाला फोन करून ‘घरचे सुखरूप आहेत, छप्पर गेले, बाकी सगळे ठीक’ एवढेच सांगून ठेवून देई. आमच्या आईने तेव्हापासून महत्त्वाचे नंबर भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागे पेनाने लिहून ठेवले आहेत, आणि नवी दिनदर्शिका आली की पहिल्यांदा ते उतरवून घेते. पावसाळ्याच्या दिवसांत संध्याकाळी चार वाजता फोन भरलेला असलाच पाहिजे, हा तिचा नियम आम्ही मुंबईतही पाळतो.

माळरान :
खाडीकाठ, हे वाचून अंगावर काटा आला. नंबरांचा कागद आमच्याकडेही आजच लिहून ठेवतो.

आषाढी :
माउलींच्या पालखीबरोबर चालताना चार्जिंग ही रोजची मोहीम असते. मुक्कामी पोचल्यावर दिंडीच्या ट्रकजवळ जनरेटर सुरू होतो, आणि एकाच बोर्डात बोर्ड, त्यात आणखी एक बोर्ड अशी माळ लागते. लोणंदला एकदा तंबूच्या दांडीला टांगलेल्या पिशव्यांमधून वायरी लोंबत होत्या आणि प्रत्येक पिशवीवर मार्करने दिंडीक्रमांक लिहिलेला होता. आमच्यासारखे स्मार्टफोनवाले तिथे ताटकळत बसतात आणि बटणांचा फोन असलेल्या आजी कमरेच्या पिशवीतून फोन काढून आरामात नातवाशी बोलतात. नोकिया ११०० ची बॅटरी अवघी ८५० एमएएचची होती, पण पोसायला ना मोठी स्क्रीन होती, ना इंटरनेट. आता बॅटरी पाच-सहापट झाली, तरी आम्हीच बोर्ड शोधत फिरतो.

पायपीट :
ट्रेकला जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. हरिश्चंद्रगडाच्या बाजूला दऱ्यांमध्ये रेंज नसते, तेव्हा फोन टॉवर शोधत राहतो, अधिक शक्ती लावून सिग्नल पाठवतो आणि न वापरताच बॅटरी उतरते. फ्लाइट मोड लावला की हा उपद्रव थांबतो, आणि आधी उतरवून ठेवलेला नकाशा व जीपीएस तरीही चालतात, कारण जीपीएसमध्ये फोन केवळ उपग्रहांचे संदेश ऐकतो. डार्क मोडचा फायदा मात्र ओएलईडी (जिथे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो अशा) स्क्रीनवरच होतो. एलसीडीच्या मागचा दिवा काळ्या चित्रालाही तेवढाच जळतो.

हिमभूमी :
मी मिनेसोटात राहते. इथे जानेवारीत बसथांब्यावर उभे असताना फोन तीस टक्के दाखवत असतो आणि एकाएकी बंद पडतो. घरी येऊन ऊब मिळाली की तेच तीस टक्के पुन्हा हजर होतात. थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो, फोनने जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज खाली येते, आणि बॅटरी संपली असे समजून फोन झोपतो. त्यामुळे तो आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवायचा, हे इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यातच शिकावे लागते. गोठलेला फोन लगेच चार्जिंगलाही लावायचा नाही, कारण शून्याखालच्या तापमानात चार्ज करताना लिथियम धातूच्या रूपात आतच साचू लागते आणि बॅटरीचे कायमचे नुकसान होते.

चंद्रपूरकर :
हिमभूमी, तुमची थोडी थंडी पार्सल करा. आमच्याकडे मे महिन्यात दुचाकीच्या हँडलला लावलेला फोन, वर ऊन, चालू नकाशा आणि खालून चार्जिंग अशा चारही बाजूंनी तापतो आणि ‘थंड झाल्यावर वापरा’ असा उपदेश करून गप्प बसतो. घरोघरी सामान पोचवणारी मुले त्यावर ओला रुमाल ठेवताना मी पाहिली आहेत. ते करू नये. सावलीत उभे राहून केबल काढावी आणि कव्हर उतरवावे, एवढे पुरते.

रुळावरून :
रेल्वेच्या डब्यात सॉकेटवर ‘११० व्होल्ट’ लिहिलेले पाहून घाबरणारे अजूनही भेटतात. फोनच्या चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यामुळे काळजी नाही. मात्र आगीच्या भीतीने रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत सॉकेट बंद ठेवण्याची पद्धत आहे, म्हणून जेवणाआधीच फोन लावून घ्यावा.

दुपारचा चहा :
पॉवर बँक वापरा की! दहा हजार एमएएचची घेतली, तर पाच हजार एमएएचचा फोन दोनदा भरेल.

सर्किट :
दोनदा भरत नाही. ते दहा हजार आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. बाहेर पाच व्होल्ट करताना आकडा ७,४०० वर येतो आणि उष्णतेत जाणारी घट धरून सहा-साडेसहा हजार हाती लागतात. विमानप्रवासात ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, सामानात टाकता येत नाही. शंभर वॅट-तासांपर्यंतच्या पॉवर बँकेला सहसा अडचण येत नाही. दहा हजारांची तर सदतीसचीच असते.

धाकटी सून :
सर्किट, एक विचारायचे होते. सासूबाईंच्या कपाटात जुना फोन सापडला, त्याचे मागचे झाकण वर उचलले गेले आहे. त्यात लग्नाचे फोटो आहेत, म्हणून त्यांना तो एकदा चार्जिंगला लावून पाहायचा आहे.

सर्किट :
कृपा करून लावू देऊ नका. आत वायू साठून बॅटरी फुगली आहे. ती दाबणे, टोचणे किंवा चार्ज करणे, तिन्ही धोक्याचे आहे. फोन लाकडापासून, कपड्यांपासून दूर, स्टीलच्या डब्यात झाकण न लावता ठेवा आणि जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन जा. तो फुगलेली बॅटरी काढून दुसरी जोडेल. फोनचा बोर्ड शाबूत असेल तर फोटो मिळतील. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ई-कचरा संकलनाकडे द्या. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करणे ही उत्पादकांची जबाबदारी आहे.

धाकटी सून :
डबा गॅलरीत नेऊन ठेवला आहे. सासूबाई विचारत आहेत की नव्या बॅटरीला पहिल्यांदा किती तास लावायचे.