सोपाऱ्याच्या तेरा खापऱ्या सोपाऱ्याला का नकोत?

सोपारेकर:
परवा इथेच एकाने लिहिलं, "मडक्याचे तेरा तुकडे ते काय! मुंबईत आहेत म्हणून शाबूत आहेत. नालासोपाऱ्यात नेले तर सहा महिन्यांत भंगारात जातील." त्याला लोकांनी भराभर अंगठेही दिले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

१८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्यातली बुरूड राजाच्या कोटाची टेकडी, म्हणजे आपला स्तूप, उकरली. आत विटांच्या कोठीत दगडी पेटी. पेटीत आठ ब्राँझ मूर्ती आणि तांब्याचा करंडक, तांब्याच्या आत चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा, मग सोन्याचा. आणि सोन्याच्या आत या तेरा खापऱ्या. भगवानलालांनी त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या मानल्या. ज्यांनी हे सगळं पुरलं त्यांनी सोनं वेष्टन म्हणून वापरलं, आत जपायची ती माती. आणि आपण तिला "मडक्याचे तुकडे" म्हणतो?

माझे वडील दर बुद्धपौर्णिमेला आम्हाला स्तूपावर न्यायचे. एकेका विटेवरची धूळ रुमालाने पुसायचे आणि म्हणायचे, पात्र मुंबईला आहे. मी विचारायचो, परत कधी येणार? ते काही बोलायचे नाहीत. वडील गेले. आता माझी मुलगी तेच विचारते. आणि नालासोपाऱ्याची माणसं म्हणजे भंगार विकणारी, हे कुणी ठरवलं?

भांडारपाल:
मी बावीस वर्षं संग्रहालयाच्या भांडारात काम केलं, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे. दादा, तुमच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, श्रद्धेने वस्तू टिकत नाही. खापरी चोरीला जाते ती क्वचित. जास्त वेळा हरवते ती तिची चिठ्ठी. खापरीच्या मागे लॅकरची बारीक पट्टी ओढतात, त्यावर काळ्या शाईने नोंद क्रमांक घालतात, तो क्रमांक नोंदवहीत असतो. यातलं एक निसटलं की उरतं ते कुठल्याही उकिरड्यावर सापडेल असं खापर. एका जिल्ह्याच्या गावी मी स्वतः पाहिलंय, वाळवीने कागद खाल्ले आणि चार ट्रे खापऱ्या कुठल्या उत्खननातल्या ते सांगायला कुणी उरलं नाही. सोन्याच्या करंडकाला सोनं म्हणून तरी ओळखाल. त्या तेरा तुकड्यांना कशावरून ओळखाल?

शिवाय समुद्र जवळ. खारी हवा ब्राँझला लागली की हिरवी पूड सुटते, आणि सुटली की थांबवणं महाकठीण.

विरार फास्ट:
समुद्राचं कारण देऊ नका सर. मूर्ती आणि करंडक आहेत एशियाटिक सोसायटीकडे, फोर्टात. तिथून समुद्र किती लांब? सोपाऱ्याहून जवळच असेल.

भांडारपाल:
बरं, समुद्राचा मुद्दा मागे घेतो. चिठ्ठीचा घेत नाही.

माणदेशी:
चिठ्ठीवरून आठवलं म्हणून लिहितो. आमच्या गावच्या वेशीवर एक वीरगळ होता, लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड. तीन टप्प्यांचा, खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन निघाल्यात, वर शिवलिंगाची पूजा. माझी आजी दर अमावास्येला तेल घालायची. मी सातवीत असताना साहेब आले, "संरक्षण करायचंय" म्हणाले आणि ट्रॅक्टरवर घालून नेला. चार वर्षांपूर्वी शोधत शोधत त्या संग्रहालयात गेलो. मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीच्या गळतीखाली, भिंतीला टेकवून उभा. अर्ध्या अंगाला शेवाळ. पाटीवर फक्त "वीरगळ", गावाचं नाव नाही. आजी जाईपर्यंत विचारायची, देव कुठं नेला रं? चिठ्ठी कुणी हरवली, सांगा आता.

नोंदवही:
भाऊ, वाईट झालं ते. पण दुसरी बाजूही ऐका. मी वीरगळांची छायाचित्रं काढत फिरते. परवा एका गावात वीरगळावर निळा ऑइलपेंट, त्यावर चंदेरी बॉर्डर, अप्सरांना लाल ओठ. दुसरीकडे ओढ्यात कपडे धुवायचा दगड झालाय, घोडा पार घासून गेलाय, नुसतं खोगीर उरलंय. तिसरीकडे शेंदराचे इतके थर की आत बाई आहे की पुरुष ते कळत नाही. हे गावाने जपणं म्हणायचं?

माणदेशी:
ताई, शेंदूर आणि ऑइलपेंट एकाच मापाने मोजू नका. शेंदूर लावतो म्हणून तो दगड आजवर उभा आहे. ज्याला शेंदूर नाही तो पायरी होतो, नाहीतर बांधात जातो. तुम्ही फोटो काढून जाता. उन्हाळ्यात त्याच्यावर पाणी कोण घालतं?

नोंदवही:
मी "फोटो काढून जाते" हे तुम्ही कशावरून ठरवलंत? गेल्या पावसाळ्यात रस्ता रुंदीकरणात दोन वीरगळ जेसीबीखाली जाणार होते. सरपंचांच्या घरी तीन चकरा मारल्या, शेवटी मंदिराच्या आवारात हलवून घेतले. शेंदूर लावणारे तेव्हा कुणी आले नाहीत.

माणदेशी:
ते केलंत ते चांगलं केलंत. माझा शब्द चुकला. पण पाटीवर गावाचं नाव नव्हतं, ते चुकलंच. त्यावर मी हटणार नाही.

नोंदवही:
त्यावर कोण वाद घालतंय? ते चूकच आहे.

वाघोलीकर:
वीरगळांचा वेगळा धागा काढा, सोपारा राहिलाच बाजूला. मी वसईचा, घरात ख्रिस्ती, म्हणून कुणी म्हणेल तुला काय पडलंय. पडलंय. सम्राट अशोकाने दगडावर कोरवलेल्या आठव्या आज्ञेचा तुकडाही इथलाच, तोही १८८२ चाच, तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्या आज्ञेत काय आहे माहीत आहे? पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रेला निघायचे, अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. म्हणजे माणसांनी जागेवर जायचं, हेच तिच्यात कोरलंय. आणि आम्ही? शाळेची सहल वॉटरपार्कला जाते. स्तूप रिक्षाने जाण्याइतका जवळ, पण माझ्या वर्गातल्या एकालाही माहीत नव्हता. मलाही तो कळला पंचविशीनंतर. तिथे काही पाहायला ठेवलं तर पोरं जातील.

भांडारपाल:
हे मान्य. पण त्यासाठी मूळ वस्तू कशाला? उत्तम प्रतिकृती करा.

सोपारेकर:
प्रतिकृती तुम्ही मुंबईत ठेवा, मूळ आम्हाला द्या. चालेल?

सांचीचं उदाहरण आहे ना. बुद्धाचे शिष्य सारिपुत्त आणि महामोग्गलान यांच्या अस्थी कनिंगहॅमने १८५१ मध्ये काढल्या, लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये राहिल्या, आणि १९५२ मध्ये सांचीला नव्या विहारात परत आल्या. दर नोव्हेंबरअखेर लोक दर्शनाला रांगा लावतात. सत्तर वर्षांत काय बिघडलं?

विरार फास्ट:
पिप्रहवाच्या स्तूपात बुद्धाच्या अस्थींबरोबर निघालेली रत्नंही सांगा. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघाली होती. सरकारने नोटीस धाडली तेव्हा लिलाव थांबला, जुलैत भारतात आली.

भांडारपाल:
पिप्रहवा माझ्या बाजूने धरा. ती रत्नं उत्खनन करणाऱ्याच्या घराण्यात राहिली म्हणून लिलावात पोचली. सार्वजनिक संस्थेच्या नोंदवहीत असती तर विकायची कुणाची हिंमत झाली असती? खुद्द भगवानलालांनी आपली नाणी ब्रिटिश म्युझियमला ठेवली, मथुरेचं सिंहशीर्षही तिकडेच गेलं. सोपाऱ्याचं मुंबईत राहिलं हे आपलं नशीब.

सांचीचं मात्र मानतो. तिथे विहार बांधला, कुलूप-किल्ली कुणाकडे ते ठरवलं, मग अस्थी आणल्या. आधी इमारत, मग वस्तू. सोपाऱ्यात इमारत कुठे आहे?

नोंदवही:
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. त्या पेटीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं निघालं, म्हणजे दुसरं शतक. आठ ब्राँझ मूर्ती मात्र त्यानंतर काही शतकांनी घडलेल्या. म्हणजे पेटी मधे कधीतरी उघडली गेली, मूर्ती ठेवल्या, पुन्हा बंद केली. उघडणाऱ्यांनी खापऱ्या होत्या तिथेच ठेवल्या. त्यांच्याकडे ना नोंदवही होती ना लॅकर.

भांडारपाल:
यावर माझ्याकडे चटकन उत्तर नाही.

एवढं म्हणतो. दगडी पेटी जायला माझी हरकत नाही. दगडाला हवेचं भय नाही, चिठ्ठीचंही नाही. पेटी सोपाऱ्याला द्यावी, स्तूपाजवळ छप्पर करून ठेवावी. तेरा तुकड्यांवर मी ठाम आहे.

सोपारेकर:
पेटी मोकळी आणून मुलीला काय दाखवू?

आणा पेटी. छपरासाठी वर्गणी काढायला मी पहिला उभा राहीन. पण ती आली की तिच्याशेजारी मोठ्या अक्षरांत पाटी लावेन, आतल्या तेरा खापऱ्या अजून मुंबईत आहेत. मराठीत लावेन, पालीतही लावेन.

माणदेशी:
आणि गावाचं नाव घाला.