शिबिराने टीम जुळते, पण काम वाढतं का?
दादा, तुम्ही लिहिलंय की टीमला दोन दिवस तोरणमाळला शिबिराला नेऊन आणलं, ती एकजीव झाली, आता काम वाढणारच. एकजीव झाली असेल, पण पुढचं इतकं सरळ नाही. 1994 साली मुलन आणि कॉपर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. एकोपा आणि कामगिरीचा संबंध निघाला खरा, पण तो मुख्यतः कामावरच्या निष्ठेमुळे, आपसातल्या गोडीमुळे नव्हे. शिवाय एकोप्याने काम सुधारण्यापेक्षा काम चांगलं झाल्याने एकोपा वाढतो, हेच जास्त ठळक दिसलं.

आमच्या रावेरकडे केळीच्या पॅकहाऊसमध्ये, म्हणजे केळी धुऊन पेटीत भरतात तिथे, कामावरून भांडण रोजचंच. फण्या काढणारा घाई करतो, चीक निथळू देत नाही. मग धुण्याच्या टाकीवरच्या बाया डाग धूत बसतात आणि काट्यावरचा पोरगा 13 किलोची पेटी भरायला ताटकळतो. संध्याकाळी सगळे एकमेकांच्या नावाने खडे फोडतात. इथे रस्सीखेच खेळवून काय होणार? त्यापेक्षा फण्या काढणाऱ्याला आठवडाभर टाकीवर उभा करा, त्याचा हात आपोआप सावकाश चालतो.

शिबिराचा असर ओसरतोच. भर हंगामात अर्धी टोळी बदलते. टकमन या मानसशास्त्रज्ञांनी 1965 मध्ये गटाचे टप्पे मांडले, त्यात भांडणाचाही एक आहे, आणि नवी माणसं आली की तो परत येऊ शकतो. म्हणून गाडी भरून गेली की दहा मिनिटं बसा, आज कुठे अडलं तेवढंच बोला. मुकादमाने सगळ्यात शेवटी बोलावं, नाहीतर बाकीचे नुसत्या माना डोलावतात. पुढच्या सहलीचे पैसे वाचले तर टाकीवर एक पंखा बसवा.