टाकाऊतून सणाची सजावट: कंदील आणि मखर घरीच करायचे तर सुरुवात कुठून करावी?

ओसरी (पुणे):

नमस्कार. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आल्यापासून आमच्या गणपतीचे मखर पुठ्ठ्याचे झाले, दिवाळीचा कंदील मात्र अजूनही तयारच आणला जातो. सण उलटला की दोन्ही वस्तू माळ्यावर जातात आणि पुढच्या वर्षी पोचे आलेल्या, रंग विटलेल्या अवस्थेत खाली उतरून थेट कचऱ्याच्या डब्यात पडतात. यंदा आकाशकंदील आणि पुढच्या वर्षीचे मखर घरातल्याच वस्तूंपासून करावे असे मनात आहे. हाताशी लग्नपत्रिकांचा भलामोठा गठ्ठा आहे, सासूबाईंच्या विरलेल्या सुती साड्या आहेत आणि गॅलरीतून काढलेला बांबूच्या पट्ट्यांचा चिकाचा पडदा आहे.

अडचणी दोन आहेत. अशा वस्तू घरी केल्या की त्या शाळेच्या प्रकल्पासारख्या दिसतात, हे एक. दुसरे म्हणजे मुले दोन दिवस उत्साहाने बसतात आणि मग वर्षभर कात्रीला हात लावत नाहीत. हाताने काही करण्याची ही गोडी सणापुरती न राहता रोजच्या जगण्यात उतरावी यासाठी आपण काय करता?

कामटी (मुंबई):

चिकाचा पडदा असेल तर अर्धे काम झालेच आहे. पट्ट्या जाडसर असतील तर त्यांचे आठ-आठ इंचांचे चोवीस तुकडे करा आणि चार-चार तुकडे दोऱ्याने बांधून सहा चौकोन तयार करा. मग हे चौकोन बाजूला बाजू न लावता फक्त कोपऱ्याला कोपरा बांधत जा. एक चौकोन वर, एक खाली आणि मधले चार शंकरपाळ्यासारखे टोकावर उभे राहतील अशा रीतीने बारा गाठी मारल्या की त्यांच्या मधल्या जागेत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. सुरुवातीला सांगाडा लटपटतो, पण शेवटच्या दोन-तीन गाठी बसल्या की तो असा ताठ होतो की मुले चकित होतात. उंची सुमारे सव्वाअकरा इंच भरते. वरचा आणि खालचा चौकोन मोकळाच ठेवावा, म्हणजे वरून दिवा सोडता येतो आणि उष्णता बाहेर पडते. दिवा पाच वॉटचा एलईडी असावा. जुन्या पिवळ्या बल्बची धग कागदाजवळ आणि कापडाजवळ नकोच.

पतंगी कागदाऐवजी विरलेली सुती साडी घ्या. मैदा थंड पाण्यात गुठळ्या न राहतील असा कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवला की खळ तयार होते. कापडाला ती लावून ओले असतानाच चौकोनावर ताणून बसवा, वाळल्यावर ते छान ताठ राहते. पूर्वी खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत असत. ते विषारी असल्यामुळे मुले काम करणार असतील तर अजिबात घालू नये, लागेल तेवढी खळ ताजी करावी. काठाच्या पट्ट्या फाडून त्यांच्याच झिरमिळ्या करा.

राहिला दिसण्याचा प्रश्न. प्रकल्पाची कळा येते ती एकाच वस्तूवर टिकल्या, चमकी, लोकर आणि आरसे असे सगळे चिकटवल्यामुळे. दोन रंग आणि एकच कापड एवढ्यावर थांबलात, तर रस्त्यावरून पाहणारा कंदील विकतचा आहे का, हे विचारणारही नाही.

काटकसर (नाशिक):

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली जे होते त्यातले बरेचसे टिकाऊ नसतेच. वर्तमानपत्र किंवा साधे खोके रद्दीवाल्याकडे गेले तर त्याचा पुन्हा कागद किंवा पुठ्ठा होतो. त्याच खोक्याला आपण गरम डिंकाने प्लॅस्टिकची चमकी आणि मणी चिकटवले, तर पंधरा दिवसांनी ते कोणीही घेत नाही. म्हणजे चांगल्या रद्दीचा आपण आपल्या हातांनी कचरा केला, आणि वर त्याचे फोटोही काढले.

म्हणून आमच्या घरी निकष उलटा आहे. रद्दीवाला जे घेत नाही, त्यालाच आम्ही हात लावतो. सोनेरी वर्ख आणि मखमल लावलेल्या पत्रिका, शिंप्याकडच्या कातरणी, दुधाची आणि सरबताची आतून चांदी असलेली खोकी, फुटलेल्या बांगड्या. त्या खोक्यांची चंदेरी बाजू बाहेर काढून मखराच्या मागे लावली की समईचा उजेड तिच्यावर मंद परततो आणि चमकी विकत आणावी लागत नाही. पत्रिकांवरचे गणपतीचे चित्र टाकवत नाही म्हणून तर ते गठ्ठे साठतात. ही चित्रे सारख्या आकारात कापून मखराच्या कमानीवर ओळीने लावल्यास ती फार शोभून दिसतात. जोडण्यासाठी शक्यतो दोरा, टाका किंवा खाचा वापराव्यात, म्हणजे नंतर सगळे सुटे करता येते.

तळकोकण (कुडाळ):

काटकसर यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, कारण आमच्याकडची माटवी याच तत्त्वावर उभी आहे. चवथीला गणपतीच्या वर छताला लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात आणि तिला आंब्याचे टाळे, कवंडळे, हरणे, कांगले, तेरडा, शेरवाड, सुपारीचे शिपटे, नारळ असे रानातले आणि परसातले सामान बांधतात. चौकट पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते आणि बांधलेले सगळे मातीत परत जाते. गोव्यात हिलाच माटोळी म्हणतात. तिथे कला व संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाही भरवते आणि लोक फळांपासून, बियांपासून अक्षरशः देखावे उभे करतात. (स्पर्धेपायी रान ओरबाडले जाऊ नये, ही तिथल्या जाणत्यांची काळजीही रास्त आहे.)

पुण्यात कवंडळ मिळणार नाही आणि बाजारातून ते मागवण्यात अर्थही नाही. परंतु चौकट कायम आणि आवरण दरवर्षी नवे, ही रीत उचलता येईल. मखरासाठी एकदाच बांबूची किंवा जुन्या पलंगाच्या लाकडाची सुटी होणारी चौकट करा. यंदा तिला साडी, पुढच्या वर्षी पत्रिकांची जाळी, त्यापुढे आणखी काही. नुसत्या पुठ्ठ्याचे मखर भाद्रपदातल्या दमट हवेत तिसऱ्या दिवशी वाकते, तसे हे वाकणार नाही. माळ्यावर जागाही चार काठ्यांएवढीच लागेल.

ओसरी (पुणे):

सर्वांचे मनापासून आभार. चौकटीची कल्पना घरात सर्वांना पटली आहे आणि जुन्या पलंगाच्या पट्ट्या निघतीलही. कामटीदादा, खळीने बसवलेली साडी पुढच्या वर्षी काढता येईल का? आणि मुलांबद्दलचा माझा प्रश्न तसाच राहिला आहे.

कामटी (मुंबई):

हो, येईल. ओल्या फडक्याने कडा भिजवून ठेवल्या की खळ सुटते आणि कापड धुऊन घेता येते. मात्र भिजण्याचा हाच गुण आडवा येतो. दिवाळीत अवेळी पाऊस आला तर कंदील आत घ्यावा लागेल.

मावळा (सातारा):

मुलांचे विचारता आहात म्हणून लिहितो. दिवाळीच्या किल्ल्यावर मुले दिवसचे दिवस रमतात, आणि तिथे मोठ्यांनी काहीही शिकवलेले नसते. दगड, विटा, माती, वर गोणपाट, त्यावर पेरलेले अळीव किंवा मोहरी. पाणी कुठे मुरते, बुरूज का ढासळतो, तळ्याला काय लावले म्हणजे ते गळणार नाही, हे सगळे त्यांचे ती शोधतात. कंदिलाच्या कामात मात्र आपण नमुना पुढे ठेवतो, माप सांगतो, वाकडे गेले की हातातून काढून घेतो, आणि मग त्यांना गोडी लागत नाही अशी तक्रार करतो.

रोजची सवय हवी असेल तर सामान त्यांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी असू द्यावे. कपाटाच्या वरच्या कप्प्यातली कात्री कोणी मागून घेत नाही. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दाराशी एक पत्र्याचा डबा आहे. त्यात दोरा, सुया, कातरणी, बोथट कात्री आणि पत्रिका असतात. डबा भरला की जुने काढल्याशिवाय नवे आत जात नाही, नाहीतर घराची भंगारवखार व्हायला वेळ लागत नाही. आणि कामे खरी द्यावीत. उसवलेली पिशवी शिवणे, वहीला कव्हर घालणे, वाढदिवसाच्या पाकिटासाठी पत्रिका उलटी दुमडणे, मसाल्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावणे. धाकटीने चिठ्ठ्यांवर अक्षरांऐवजी चित्रे काढली आहेत. जिरे आणि शहाजिरे यांत फरक दाखवताना तिने चक्क एकाला मुकुट घातला आहे.

कंदिलाचे म्हणाल तर यंदा एक करा तुमच्या मापाचा, आणि उरलेल्या पट्ट्या मुलांच्या हवाली करून त्या खोलीत जाऊ नका. जे होईल ते गॅलरीत तुमच्या कंदिलाशेजारीच टांगा, मागच्या खिडकीत नको.