जुना सहाय्यक प्रतिस्पर्धी म्हणून आला, तर फायदा कोणाचा?

तळ्यातमळ्यात:
बरीच वर्षं अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात राहतोय, त्यामुळे कॉलेज फुटबॉल (हेल्मेटवालं, आपलं नव्हे) अंगात भिनलंय. डिसेंबरात बोल गेम्सच्या (हंगामाअखेरच्या खास सामन्यांच्या) जोड्या जाहीर झाल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं: "समोरचा कोच आपल्याकडेच सहाय्यक होता, त्याला आपलं सगळं ठाऊक आहे." मला ही भीती फुकटची वाटते.

अलाबामा विद्यापीठाचा तेव्हाचा मुख्य कोच निक सेबन आणि त्याचा जुना सहाय्यक कर्बी स्मार्ट घ्या. स्मार्ट 2007 ते 2015 अलाबामात सेबनच्या हाताखाली होता, त्यातली बहुतेक वर्षं बचावाचा कोऑर्डिनेटर. जॉर्जियाचं मुख्य कोचपद मिळाल्यावरही जानेवारी 2016 ची फायनल अलाबामाला जिंकून दिली आणि मगच निघाला. याहून आतलं कोणाला माहीत असणार? तरी 8 जानेवारी 2018 ला अटलांटात, राष्ट्रीय फायनलमध्ये, काय झालं? हाफटाइमला जॉर्जिया 13-0 पुढे. सेबनने क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जेलन हर्ट्सला बसवलं आणि टुआ टागोवायलोआ या पहिल्या वर्षाच्या पोराला उतरवलं. ओव्हरटाइममध्ये जॉर्जियाने फील्ड गोल (किक मारून मिळणारे तीन गुण) मारून 23-20 केलं, मग टुआ पहिल्याच प्लेला 16 यार्ड मागे गाडला गेला. सेकंड अँड 26, म्हणजे दुसरा प्रयत्न आणि 26 यार्ड बाकी. पुढच्या प्लेला त्याने आधी दुसऱ्या बाजूला पाहिलं, जॉर्जियाचा सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) तिकडे रेंगाळला आणि चेंडू डावीकडे धावणाऱ्या डेव्होंटा स्मिथच्या हातात पडला. 41 यार्ड, 26-23, खेळ खल्लास. टुआ अलाबामात आला तेव्हा स्मार्टला तिथून जाऊन वर्ष झालं होतं.

कोकणकडा:
साफ असहमत. शेवटचा एक पास पाहून निकाल देताय. अख्ख्या पहिल्या हाफमध्ये अलाबामाला शून्यावर रोखलं, ते कशाच्या जोरावर? नऊ वर्षं रोज सरावात तीच पद्धत समोर पाहिलेला माणूस होता म्हणून. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जॉर्जिया 20-7 पुढे होती. सेबनला क्वार्टरबॅक बदलावा लागला यातच सगळं आलं.

तळ्यातमळ्यात:
हर्ट्ससुद्धा स्मार्ट गेल्यानंतरच खेळू लागला हो! दोघंही त्याला नवीनच.

रविवारचा_रस्सा:
धागाकर्त्याशी सहमत, पण कारण वेगळं. ऑक्टोबर 2021 पर्यंत सेबन आपल्या जुन्या सहाय्यकांविरुद्ध 24-0 होता, म्हणजे 24 विजय, एकही पराभव नाही. चोवीस! सहाय्यकांना गुपितं ठाऊक नव्हती असं नाही, त्यांच्याकडे तेवढे तगडे खेळाडू नव्हते. पहिला हरवणारा टेक्सस ए अँड एमचा जिम्बो फिशर, 41-38. तो सेबनच्या हाताखाली होता एलएसयूत (लुइझियाना स्टेट विद्यापीठात), 2004 पर्यंत. सतरा वर्षांपूर्वीच्या गुपितांना कोण विचारतो?

शेवग्याची_शेंग:
माझा मुलगा टेक्ससमध्ये हायस्कूलला खेळतो, तिथलं सांगते. त्याच्या मनगटावर प्लेचे आकडे छापलेली पट्टी असते. गेल्या वर्षी एक कोच शेजारच्या शाळेत गेले. त्यांच्याविरुद्धच्या सामन्याआधी पट्टी अख्खी नवी आली, हातवारेही बदलले. पोरं आठवडाभर जेवताना नवे शब्द घोकत होती आणि सामन्यात दोघे जण तरी जुन्याच खुणेवर धावले. जुन्या कोचचा फायदा हाच. तो काही करत नाही, तुम्हीच त्याच्या धास्तीने आपली घडी विस्कटता. पण बोल गेमला तीन-चार आठवडे मिळतात. तेवढ्यात नवे शब्द अंगवळणी पडतात. म्हणून मला तरी ही भीती एका आठवड्याच्या साध्या सामन्यात खरी वाटते, बोलमध्ये नाही.

कोकणकडा:
ताईंचा अनुभव पटला, पण त्या वेळेचा उपयोग दोघांनाही होतो. 4 डिसेंबर 2021 ला अलाबामाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंगने स्मार्टच्या जॉर्जियाविरुद्ध 421 यार्डांचे पास फेकले, अलाबामा 41-24 ने जिंकली. पाच आठवड्यांनी, 10 जानेवारी 2022 ला, इंडियानापोलिसच्या फायनलमध्ये तोच यंग दोनदा इंटरसेप्ट झाला (पास प्रतिस्पर्ध्याने पकडला). दुसरा पास जॉर्जियाच्या कीली रिंगोने पकडला आणि 79 यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. 33-18. जॉर्जियाला 1980 नंतरचं पहिलं विजेतेपद. सेबन अडचणीत काय करतो, हे स्मार्टला आतून माहीत होतं. प्लेबुक (डावपेचांची वही) बदलता येतं, स्वभाव कसा बदलणार?

रविवारचा_रस्सा:
त्या फायनलमध्ये अलाबामाचा जेमिसन विल्यम्स गुडघा दुखावून बाहेर गेला, त्यांचा दुसरा पास झेलणारा मेची तर आधीच जायबंदी. हे सोडून कसं चालेल?

तळ्यातमळ्यात:
स्वभावाचा मुद्दा मला विचार करायला लावणारा वाटला, त्यासाठी आभार. पण त्या रात्रीआधी स्मार्ट सेबनकडून चार वेळा हरला होता. माणूस ओळखायला चार पराभव लागले, तर ते जुन्या नोकरीतलं ज्ञान कसं? ते समोर उभं राहून मिळवलेलं.

कोकणकडा:
त्या चारांतल्या दोन सामन्यांत तिसऱ्या क्वार्टरमध्ये 13 आणि 14 गुणांनी पुढे होता तो. ओळखत नव्हता म्हणू नका. शेवट करता येत नव्हता एवढंच.