ब्रॉडहेड लावले की बाण भरकटतो : शाफ्ट बदलावा की पिसे?

ह्युरॉनकाठ :
नमस्कार. मी मूळचा कोल्हापूरचा असून गेली नऊ वर्षे मिशिगनमध्ये ॲन आर्बरजवळ राहतो. येथे १ ऑक्टोबरला हरणांच्या शिकारीचा धनुष्यबाणाचा हंगाम सुरू होतो आणि यंदा मी प्रथमच त्यात उतरणार आहे. हंटर सेफ्टीचा अभ्यासक्रम वसंतातच पूर्ण केला आहे. माझे कंपाउंड (दोन्ही टोकांना चाके असलेले) धनुष्य उजव्या हाताचे, ६० पाउंड ओढीचे असून ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी ओढण्याची लांबी, २८ इंच आहे. बाण कार्बनचे, ५०० स्पाइनचे (ताठरपणाचा आकडा) व २८.५ इंच लांबीचे आहेत. त्यांना दोन इंची प्लास्टिकच्या तीन व्हेन, म्हणजे कृत्रिम पिसे, सरळ चिकटवलेल्या आहेत आणि पुढे १०० ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचे लहान एकक) टोक आहे.

साधे फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाचे गुळगुळीत टोक, लावले की २० यार्डांवर सहाही बाण मुठीएवढ्या जागेत बसतात. मात्र त्याच वजनाचे, तीन स्थिर पात्यांचे ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचे धारदार टोक, लावले की बाण चार-पाच इंच उजवीकडे जातात, आणि परवा तर एक बाण निशाण चुकवून मागच्या गवतात शिरला. दुकानात विचारले असता मोठ्या व्हेन लावण्याचा सल्ला मिळाला. काही जण पिसेच लावा म्हणतात. पिसे बदलण्याने हा दोष जाईल का, की मुळात बाणच चुकीचे आहेत?

जुनाभाता :
आपला प्रश्न पिसांचा असला तरी माझी नजर ५०० या आकड्यावर अडली. हे बाण आपण ६० पाउंडांसाठीच घेतले होते का?

स्पाइन म्हणजे शाफ्टचा, अर्थात बाणाच्या दांड्याचा, ताठरपणा. २८ इंच अंतरावरील दोन आधारांवर शाफ्ट ठेवून त्याच्या मध्यावर ८८० ग्रॅमचे वजन टांगतात आणि तो किती वाकतो हे इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ५०० म्हणजे अर्धा इंच, ३४० म्हणजे त्याहून कमी, म्हणून आकडा जितका लहान तितका बाण ताठ. प्रत्यक्ष सुटताना बाण किती लवेल हे मात्र एवढ्यावरच ठरत नाही. पाउंडेज वाढले, पुढचे टोक जड झाले किंवा शाफ्ट लांब ठेवला, की तोच बाण अधिक लवचीक असल्यासारखा वागतो. ६० पाउंड आणि २८.५ इंच यांच्यासाठी बहुतेक निर्मात्यांचे तक्ते ४०० किंवा ३४० दाखवतात. १२५ ग्रेनचे टोक लावायचे असेल तर मी ३४० घेईन.

फील्ड पॉइंटला हवेत पकडण्यासारखे काहीच नसते, म्हणून लवचीक बाणाची डुगडुग मागच्या व्हेन निमूटपणे झाकून टाकतात. ब्रॉडहेडची पाती म्हणजे बाणाच्या तोंडाशी बसवलेले छोटे पंखच असतात. बाण थोडा जरी तिरका सुटला तरी ते हवा पकडतात आणि मागच्या पिसांशी झुंज सुरू होते. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण उजवीकडे जाणे हे पारंपरिक समजुतीप्रमाणे लवचीक शाफ्टचे लक्षण आहे. कंपाउंडच्या बाबतीत त्यावर डोळे मिटून विसंबू नये, पण आपल्या बाबतीत आकडाही तेच सांगतो आहे. चुकीच्या शाफ्टवर मोठी पिसे लावणे म्हणजे गळक्या छपराखाली मोठे पातेले ठेवणे होय.

वजनाचाही विचार करावा. आपला बाण सध्या साधारण ३५० ग्रेनचा, म्हणजे प्रत्येक पाउंडामागे सहा ग्रेनांपेक्षाही हलका असावा. इंचाला ९.५ ग्रेनचा ३४० शाफ्ट घेतला तर २८.५ इंचांचे २७१ ग्रेन, टोक १२५, इन्सर्ट (टोक बसवण्याची नळी) २०, नॉक (दोरीत अडकणारे मागचे टोपण) ९ आणि तीन व्हेनचे १८ मिळून ४४३ ग्रेन होतात. वेग थोडा घटेल, पण धनुष्याचा आवाज कमी होईल, आणि हरणाच्या बाबतीत आवाजाला फार महत्त्व आहे. ३० यार्डांवरच्या हरणापर्यंत दोरीचा आवाज सेकंदाच्या बाराव्या भागात पोहोचतो, तर सेकंदाला २६० फूट जाणाऱ्या बाणाला तेच अंतर कापायला सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो. मधल्या वेळात दचकलेले हरीण झेप घेण्यासाठी खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो. म्हणून पहिल्या वर्षी २० यार्डांपलीकडे सोडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सातारी_नेम :
मी साताऱ्यात कंपाउंडचा सराव करणाऱ्या मुलांची उपकरणे लावून देतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे पात्यांविषयी मी बोलणार नाही. परंतु दोन इंची सरळ व्हेनचे हे रूप आपण लक्ष्यवेधाच्या सामन्यांवरून उचलले असावे, अशी शंका येते. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी सुवर्णपदके जिंकल्यापासून आमच्याकडेही प्रत्येक मुलाला त्यांच्यासारखेच बाण हवे असतात. ५० मीटरवरच्या स्पर्धेत पुढे गुळगुळीत टोक असते आणि वाऱ्याने बाण ढकलला जाऊ नये म्हणून व्हेन लहान ठेवतात. आपली गरज वेगळी आहे.

शाफ्ट बदलल्यावर व्हेन जरा उंच आणि ताठ घ्याव्यात व जिगमध्ये (पिसे चिकटवण्याच्या साच्यात) दोन-तीन अंशांचा कल देऊन किंवा हेलिकल, म्हणजे किंचित पीळ देऊन, बसवाव्यात, म्हणजे बाण लवकर फिरू लागेल. चिकटवण्यापूर्वी शाफ्ट ॲसिटोनने पुसावा आणि पुसल्यानंतर त्याला बोट लावू नये. आमच्याकडे निघालेल्या दहा व्हेनपैकी नऊ बोटांच्या तेलकटपणामुळेच निघालेल्या असतात. हेलिकल व्हेन रेस्टला (धनुष्यावरच्या बाणाच्या आधाराला) घासते की नाही हे पाहण्यासाठी तिच्या कडांवर लिपस्टिक लावून एक बाण सोडावा. रेस्टवर डाग उमटला तर नॉक थोडा फिरवून पुन्हा पाहावे. लिपस्टिक घरच्यांना विचारूनच घ्यावी, हा स्वानुभव आहे.

रानतुरा :
पिसांचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. मी विस्कॉन्सिनमध्ये ४८ पाउंडांच्या लाँगबोने (चाके नसलेल्या पारंपरिक लांब धनुष्याने) शिकार करतो आणि टर्कीच्या पिसांशिवाय दुसरे काही वापरत नाही, पण त्याचे कारण आपल्याला लागू नाही. माझा बाण लाकडी खाचेवरूनच सुटतो; तेथे प्लास्टिकची व्हेन आपटली की बाण बाजूला उसळतो, पीस मात्र दबून निघून जाते. आपल्याकडे सुटताना खाली पडणारा रेस्ट असेल तर हा फायदा उरत नाही. पिसे हलकी असतात आणि बाणाला लवकर सरळ करतात हे खरे, पण ऑक्टोबरच्या रिपरिपीत दोन तास झाडावर बसल्यानंतर ती ओल्या मांजराच्या शेपटीसारखी चिकटून बसतात. तरीही घ्यायचीच असतील तर सर्व पिसे एकाच पंखाची, सगळी डावी किंवा सगळी उजवी घ्यावीत आणि जिगचा क्लॅम्पही त्याच बाजूचा असावा. मी एकदा डबा न पाहता दोन्ही मिसळली. तो बाण उडताना चक्क शिट्टी वाजवत होता.

ह्युरॉनकाठ :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुनाभाता यांची शंका बरोबर ठरली. बाण घेतले तेव्हा धनुष्य ५० पाउंडांवर होते. जूनमध्ये मी स्क्रू आवळून ते ६० वर नेले आणि बाणांचा विचारही केला नाही. त्यामुळे दोष दुकानाचा नसून माझाच आहे. आता ३४० चे शाफ्ट, १२५ ग्रेनचे टोक आणि तीन उंच व्हेन हेलिकल, असे सहा बाण तयार केले. प्रत्यक्ष वजन ४४६ ग्रेन भरले. बाण बोटावर तोलला तेव्हा तोलबिंदू नॉकच्या खाचेपासून १८ इंचांवर आला; लांबीचा अर्धा भाग, म्हणजे १४.२५ वजा केला आणि लांबीने भागले तर १३ टक्के भार पुढच्या बाजूला येतो. हे पुरेसे आहे का?

जुनाभाता :
१० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असल्यास काळजी नसावी. आता प्रथम व्हेन नसलेला एक बाण कागदातून सोडून पाहावा आणि छिद्र गोल येईपर्यंत रेस्ट व नॉकिंग पॉइंट (दोरीवर नॉक अडकवण्याची जागा) जुळवावा. त्यानंतर ब्रॉडहेड लावावेत. तरीही ते वेगळे पडले तर साइटला (नेम धरण्याच्या साधनाला) हात न लावता रेस्ट फील्ड पॉइंटच्या दिशेने इंचाच्या बत्तिसाव्या भागाएवढा सरकवावा आणि पुन्हा तीन बाण सोडावेत. पात्यांची रुंदी किमान ७/८ इंच असणे मिशिगनच्या नियमांनुसार आवश्यक आहे, तेवढे मोजून घ्यावे. सरावाची पाती शिकारीला वापरू नयेत. आणि प्रत्येक वेळी सोडण्यापूर्वी बाण कानाजवळ धरून हलकेच वाकवावा. कार्बन करकरला तर तो बाण पुन्हा दोरीवर चढवू नये, कारण तो सुटताना फुटला तर त्याच्या कपच्या थेट धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

ह्युरॉनकाठ :
आज दोनदा रेस्ट सरकवला. २० यार्डांवर ब्रॉडहेड आता फील्ड पॉइंटपासून इंचभरावर पडतात. जुन्या ५०० च्या बाणांपैकी गवतात गेलेला बाण सापडला; वाकवला तर नॉकजवळ स्पष्ट करकरला. त्याचे दोन तुकडे करून कचऱ्यात टाकले.