डॉली खोटी वाटते, ते बरोबरच आहे

कॅटलिन मोरानच्या 'हाऊ टू बिल्ड अ गर्ल' (२०१४) या कादंबरीची नायिका जोहाना 'डॉली वाइल्ड' झाल्यावर खोटी वाटते, म्हणून उत्तरार्ध आवडला नाही, असं एका वाचकाने लिहिलंय. मला मात्र तोच भाग सर्वांत खरा वाटला.

इंग्लंडमधल्या वुल्वरहॅम्प्टनच्या गरीब घरातली ही चौदा वर्षांची मुलगी टीव्हीवर हसं झाल्यावर ठरवते, आता दुसरंच कुणीतरी व्हायचं. डॉली हे नवं नाव घेऊन ती संगीताच्या साप्ताहिकात समीक्षक म्हणून शिरते. पण मनापासून कौतुक लिहिलं की चाहती म्हणून हिणवलं जातं, बोचकारलं की वाहवा मिळते. मग ती बोचकारायला लागते. या वयात दुसरं काय होणार?

पुण्यात पेठांमधल्या हॉस्टेलांत अशा मुली दरवर्षी दिसतात. अकरावीला बीड-सोलापूरहून येतात आणि दिवाळीपर्यंत बोलण्याची ढब पार बदललेली असते. घरचा फोन आला की जिन्यात जाऊन बोलतात. त्यांना ढोंगी म्हणणं मला क्रूर वाटतं, त्या अजून स्वतःला घडवून बघत असतात.

टोपणनाव मोकळंही करतं. बाळूताई खरे यांनी १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' लिहिलं, तेव्हा शिकलेल्या अविवाहित मुलींची घुसमट उघडपणे मांडता आली. तिथे नावाच्या आडून खरं बोलता आलं, डॉली मात्र आपलं संगीतावरचं प्रेमच लपवते.

मुलींना जरूर वाचायला द्या. लैंगिक प्रसंग बरेच मोकळे आहेत, त्यामुळे आधी स्वतः वाचा.