पद्मिनीचं इंजिन नव्यानं बांधलंय, ऑइल कोणतं घालू?

नमस्कार मंडळी,

गाडी १९७८ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली. १०८९ सीसीचं मूळ फियाटचं पेट्रोल इंजिन. नुकतंच पूर्ण उतरवून बांधून घेतलं आहे: बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह गाइड. व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट आणि टॅपेटही बदलले, कारण जुन्या कॅमचे लोब (उंचवटे) घासून पार बोथट झाले होते. हे भाग आता सहज मिळत नाहीत, मिस्त्रींनी मुंबईतून खटपट करून आणलेत. इंजिन अजून सुरू केलेलं नाही. आधी ऑइलचं नक्की करायचं आहे.

मिस्त्री म्हणतात, २०डब्ल्यू-५० मिनरल घाला (पहिला आकडा थंडीतल्या, दुसरा तापल्यावरच्या दाटपणाचा). दुकानदार डिझेल गाड्यांचं १५डब्ल्यू-४० पुढे करतो. भाच्याच्या नव्या गाडीत ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक आहे, त्याला तेच सर्वांत उत्तम वाटतं.

मला समजलं ते असं. आपल्या कॅमचा लोब टॅपेटच्या सपाट तळावर थेट घासतो, मध्ये रोलर नाही. तिथे धातूला धातू लागू न देण्याचं काम ऑइलमधलं झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरसचं संयुग, करतं. पण फॉस्फरसमुळे धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो, म्हणून नव्या ऑइलमध्ये ते कमी केलं. माझ्या गाडीला कन्व्हर्टरच नाही. मग डब्यावर ‘एपीआय एसएन’ असं अलीकडचं मानक दिसलं की ते ऑइल टाळायचं का? वरून झिंकची बाटली ओतावी का?

गाडी नाशिकला असते. हिवाळ्यात पहाटे पारा कधीकधी एक आकडी असतो, मे महिन्यात कसारा घाट चढायचा असतो.

आणखी एक. इंजिन उतरवताना निघालेलं जुनं ऑइल अगदी पाण्यासारखं पातळ होतं, पेट्रोलचा वास मारत होतं, आणि डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर होती. ते हलक्या दर्जाचं असावं, असा माझा समज आहे.

प्रतिसाद १

मिस्त्रींचं ऐका. मात्र ‘एसएन’ दिसलं म्हणून डबा परत ठेवू नका. ०.०८ टक्के फॉस्फरसची कमाल मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना आहे, २०डब्ल्यू-५० ला नाही. त्यामुळे त्यात पुरेसं झेडडीडीपी असू शकतं. ‘असू शकतं’ म्हणतोय, कारण ते कंपनीगणिक बदलतं. ऑइलची डेटाशीट मागवा, फॉस्फरस ०.१० ते ०.१२ टक्क्यांच्या आसपास असेल तर निश्चिंत घाला.

दुकानदारही अगदी चूक नाही. सीके-४ मानकाच्या डिझेल ऑइलमध्ये ०.१२ टक्क्यांपर्यंत फॉस्फरस चालतो. त्यात डिटर्जंट जास्त असतं, ते जुन्या इंजिनातला गाळ सोडवून जाळ्या बुजवू शकतं. तुमचं इंजिन आतून स्वच्छ आहे, ती भीती नाही. तरी घाटात तापलेल्या इंजिनाला मी २०डब्ल्यू-५०च देईन: १०० अंशांना त्याचा दाटपणा किमान १६.३ सेंटिस्टोक असतो, ३० ग्रेडचा जेमतेम ९.३ ते १२.५. नाशिकच्या थंडीला २०डब्ल्यू पुरून उरतं.

झिंकची बाटली नको. प्रमाणाबाहेर गेलं तर तेच रसायन कॅम खातं. ५डब्ल्यू-३० चांगलंच ऑइल आहे, पण ते या इंजिनाच्या फटींसाठी बनलेलं नाही.

प्रतिसाद २

ग्रेडशी सहमत. पण तुमचा शेवटचा परिच्छेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पातळी वर, ऑइल पातळ, पेट्रोलचा वास: हे हलक्या ऑइलचं लक्षण नाही, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय. पद्मिनीचा पेट्रोल पंप मेकॅनिकल, इंजिनाच्या अंगालाच बसवलेला. आतला डायफ्राम (रबरी पडदा) फाटला की पेट्रोल थेट ऑइलच्या चेंबरमध्ये जातं. तुमचा कॅम झेडडीडीपीच्या कमतरतेपेक्षा यानेच गेला असण्याची शक्यता जास्त. तोच पंप परत बसवला असेल तर कितीही भारी ऑइल घाला, ते पुन्हा पाणी होणार. आधी पंप उघडा.

दुसरं, पहिली स्टार्ट. कॅमच्या लोबवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलीची (मॉलिब्डेनमची) वंगण पेस्ट लावली आहे ना, हे मिस्त्रींना विचारा. टायमिंग आधीच लावून ठेवा, कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल भरा, म्हणजे नुसता स्टार्टर मारत बसावं लागणार नाही. सुरू होताच आयडलवर अजिबात सोडू नका, सुमारे २००० आरपीएमवर, थोडं वरखाली करत, वीस मिनिटं चालवा. लोबला ऑइल मिळतं ते बरंचसं क्रँकच्या शिंतोड्यांतून, आणि आयडलवर ते पुरेसं उडत नाही. नवा कॅम जातो तो याच पहिल्या काही मिनिटांत. पाण्याच्या तापमानावर आणि ऑइलच्या दिव्यावर नजर असू द्या. नंतर ते ऑइल लगेच बदला. रिंगा बसेपर्यंत मिनरलच ठेवा.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मिस्त्रींना आत्ताच फोन केला. पंप जुनाच बसवलाय, बाहेरून धुऊन. उद्या उघडून घेतो. डायफ्रामचं चांगलं किट नाशिक किंवा मुंबईत कुठे मिळेल? रबर आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारं हवं. कोणी अलीकडे घेतलं असेल तर कृपया सांगा.